पाळी जाताना हॉर्मोन घ्यावेत का? ठरवायचं कसं, पायरीपायरीने

दुकानात या बायका बहुतेक दुपारी तीननंतर येतात. गर्दी नसते, हाताखालचा मुलगा जेवायला गेलेला असतो. आधी डोकेदुखीची एखादी गोळी मागतात, मग पर्समधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "डॉक्टरांनी हॉर्मोन लिहून दिलेत. घेऊ का हो ताई?"

मी सांगलीत केमिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे "घ्या" किंवा "घेऊ नका" हे मी सांगत नाही. पण तो प्रश्नच मुळात अर्धा असतो. कोणतं हॉर्मोन, तोंडातून की कातडीवरून, वय किती, पाळी जाऊन किती वर्षं झाली, गर्भाशयाची पिशवी आहे की काढलेली, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मी स्वतः जवळजवळ तीन वर्षं जेल लावते आहे आणि लावायला लागण्याआधी सहा महिने घोळ घालत बसले होते. तो घोळ कसा सोडवला, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी खात्री करा: हे पाळी जाण्याचंच आहे ना?

शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही, की मेनोपॉज झाला म्हणतात. पाश्चात्य देशांत हे साधारण ५१व्या वर्षी होतं, आपल्याकडे सरासरी ४६-४७ला. त्याच्या आधीची दोन-चार वर्षं जास्त त्रासाची असतात. पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी तीन महिन्यांनी, आणि मधल्या काळात अंगातून गरम वाफा निघतात, रात्री पाठ घामाने भिजते, तीन वाजता टक्क जाग येते.

वय ४५च्या पुढे असेल आणि लक्षणं अशी ठरीव असतील, तर एफएसएच या हॉर्मोनच्या रक्ततपासणीची सहसा गरज नसते. या काळात तो आकडा आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरा येतो. त्यापेक्षा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. थायरॉइड वाढलेला असला तरी घाम, धडधड, चिडचिड सगळं असंच होतं. रात्रीच्या घामाबरोबर वजन उतरत असेल, खोकला किंवा बारीक ताप असेल, तर आपल्या देशात आधी टीबीची शंका घ्यायची, मेनोपॉजची नंतर.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, मग तो एक डाग का असेना, तर हॉर्मोनचा विचार बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. "उष्णतेने झालं असेल" म्हणून घरी बसायचं नाही.

दोन आठवडे वही लिहा

शंभर पानी वही पुरे. रोज झोपताना चार गोष्टी लिहायच्या: वाफा किती वेळा आल्या, रात्री किती वेळा उठलात, खाली कोरडेपणा किंवा जळजळ होती का, आणि त्यामुळे कोणतं काम अडलं. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. माझ्या वहीत एका दिवशी "वाफा ११" लिहिलंय आणि पुढे "इन्सुलिनची पेटी फ्रिजबाहेर राहिली". त्या रात्री मी दोनच तास झोपले होते. हा त्रास आता औषध घेण्याइतका झालाय, हे मला त्या ओळीवरून कळलं.

उलट, दिवसाला दोन-तीन वाफा येतात आणि पंख्याखाली बसलं की जातात, एवढंच असेल तर थांबायला हरकत नाही. हॉर्मोनच्या गोळ्यांवर झालेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा सांगतो की खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळीच्या तुलनेत वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटते. इतकं दुसऱ्या कशानेच होत नाही. पण त्याच चाचण्यांत नुसती खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफाही निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या! म्हणजे काही वाफा काळाबरोबर आपसूक विरतात. मात्र "वर्षभरात जाईल" या भरवशावर राहू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्या बायकांचा वाफांचा त्रास सात वर्षांच्या वर टिकलेला दिसला.

पिशवी आहे का? ओव्हरी (अंडाशय) आहेत का?

सगळं गणित इथून फिरतं. वाफा, झोप, हाडं यांवर काम करतं ते इस्ट्रोजेन. पण एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत नेतं आणि त्यातून अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. १९७५च्या सुमारास हे अमेरिकेत लक्षात आलं, तेव्हापासून नियम एकच आहे: पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर, अस्तर आवरणारं प्रोजेस्टेरॉन हवंच. पिशवी काढलेली असेल तर बहुतेकींना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. चिठ्ठीवर दोन औषधं होती. म्हणाल्या, "ही जेलची ट्यूब द्या, ती कॅप्सूल नको. तिने गुंगी येते, आणि दोन-दोन हॉर्मोन कशाला?" पिशवी आहे का विचारलं, तर होती. गेले चार महिने त्या नुसतं जेल लावत होत्या. मी ट्यूब बाजूला ठेवली आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी बोलावून सोनोग्राफी केली आणि कॅप्सूल रात्री झोपतानाच घ्यायला सांगितली. ती गुंगी कॅप्सूलमधल्या मायक्रोनाइज्ड (बारीक कणांच्या) प्रोजेस्टेरॉनची असते, आणि रात्री घेतली तर झोपेच्या कामी येते. हे त्यांना आधी कोणी समजावलंच नव्हतं. दोनातली कोणती गोळी टाकून चालणार नाही, हे चिठ्ठी हातात घेतानाच विचारून घ्या.

आता ओव्हरींचं. चाळिशीच्या आत पाळी गेली किंवा ऑपरेशनात पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी काढल्या, तर हिशेब पूर्ण उलटा होतो. अशा बाईने हॉर्मोन न घेण्यातच धोका जास्त: हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराची शक्यता वाढते. तिच्या शरीरात असायला हवं होतं तेच आपण भरून देत असतो, म्हणून काही मनाई नसेल तर साधारण नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत ते द्यावं असंच जगभरचे तज्ज्ञ सांगतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण गाजलं. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं. चर्चा झाली ती ऑपरेशनं का केली याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तिशी-पस्तिशीत ओव्हरी गेलेल्या बाईच्या हाडांचं पुढे काय, हे तिच्या डिस्चार्ज कार्डावर कोण लिहितं? तुमचं किंवा आईचं, जावेचं असं ऑपरेशन झालं असेल तर ते कार्ड शोधून काढा. ओव्हरी ठेवल्यात की काढल्यात, हे त्यावर असतं. ओव्हरी ठेवल्या असल्या तरी पिशवी काढल्यावर मेनोपॉज थोडा लवकर येऊ शकतो, आणि पाळीच नसल्याने तो कळतही नाही.

"कॅन्सर होतो म्हणे": त्या म्हणण्यामागचे आकडे

ही भीती आली कुठून, ते पाहू. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा सरकारी पैशाचा मोठा अभ्यास अमेरिकेत चालू होता. पिशवी असलेल्या १६,६०८ बायका त्यात होत्या. निम्म्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) अशी एकत्र गोळी, निम्म्यांना खोटी गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग मध्येच थांबवला आणि पेपरांत मथळे झळकले: स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या.

हे २६ टक्के म्हणजे किती? दहा हजार बायका एक वर्ष डोळ्यांसमोर आणा. खोटी गोळी घेणाऱ्यांत वर्षाला ३० जणींना स्तनांचा कर्करोग झाला, खरी घेणाऱ्यांत ३८ जणींना. आठ जणी जास्त. पक्षाघाताचा झटका २१च्या जागी २९. हृदयविकार ३०च्या जागी ३७. दुसऱ्या पारड्यात: खुब्याचं हाड मोडणं १५वरून १० वर, मोठ्या आतड्याचा कर्करोग १६वरून १० वर. आठ हा आकडा मोठा की लहान, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण "२६ टक्के" ऐकून जे चित्र मनात उभं राहतं ते हे नव्हे.

त्यात आणखी दोन गोष्टी मथळ्यांतून गळाल्या. एक, त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. दुकानात चिठ्ठी घेऊन येते ती ४८-५०ची असते. दुसरी, पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ साली पक्षाघाताच्या झटक्याचं प्रमाण वाढल्यामुळे थांबवला, पण त्यांच्यात स्तनांचा कर्करोग वाढला नाही, पुढे तर कमीच दिसला.

मग कर्करोगाचं सगळं खोटंच होतं का? तसंही नाही. २०१९ मध्ये ५८ अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब असा. पाश्चात्य देशांतल्या, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं घेणाऱ्या बायका घ्या. ५० ते ६९ या वीस वर्षांत हॉर्मोन न घेणाऱ्या हजारांतल्या ६३ जणींना स्तनांचा कर्करोग होतो. इस्ट्रोजेन आणि रोजचं प्रोजेस्टेरॉन या जोडीवर तो ८३ जणींना, महिन्यातले काही दिवसच प्रोजेस्टेरॉन असेल तर ७७ जणींना, आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर ६८ जणींना. आपल्याकडे मुळात हा आजार पाश्चात्यांपेक्षा कमी आढळतो, म्हणून आपले आकडे याहून लहान असावेत. पण दिशा तीच. जितकी जास्त वर्षं, तितकी जोखीम जास्त.

या दोन्ही हिशेबांतून आज जगात बहुतेकांना मान्य असलेली रेघ निघते: वय ६०च्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखरचा असेल आणि मनाई करणारं काही नसेल, तर फायद्याचं पारडं जड. साठीनंतर नव्याने सुरू करायचं तर दहादा विचार. हृदयविकार किंवा विस्मरण होऊ नये म्हणून, लक्षणं नसताना, हॉर्मोन घेऊ नयेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचा काळ्या चौकटीतला इशारा बराचसा काढायचं जाहीर केलं. पिशवी असताना एकटं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा तेवढा ठेवला. तेव्हापासून मोबाइलवर उलटी लाट आली आहे: हॉर्मोन घ्या, तरुण राहा. २००२ला सगळ्यांनी एका बाजूला धावायचं आणि आता दुसऱ्या बाजूला, हे मला पटत नाही. इशारा निघाला म्हणजे प्रत्येकीने घ्यावं असं नव्हे.

कोणी घेऊ नये

स्तनांचा कर्करोग झालेला असेल, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार सुरू असेल, किंवा अंगावरून का जातंय याचं कारण अजून लागलेलं नसेल, तर हा मार्ग सहसा बंदच समजा.

बीपी, मधुमेह, अर्धशिशी, लठ्ठपणा यांनी दार बंद होत नाही, पण आधी ते आवाक्यात आणावं लागतं आणि गोळीऐवजी कातडीवरून देण्याकडे कल असतो. आईला किंवा बहिणीला स्तनांचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. फक्त तेवढ्यावरून "नाही" असं होत नाही, पण बोलणं वेगळं होतं.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांसाठी एक सूचना. तोंडातून इस्ट्रोजेन सुरू झालं की थायरॉइडच्या गोळीची मात्रा कमी पडू शकते. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा.

गोळी, जेल की क्रीम

गोळी पोटातून यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक थोडे वाढवते. कातडीवरून गेलेलं इस्ट्रोजेन सरळ रक्तात मिसळतं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गाठीची जोखीम वाढलेली दिसत नाही. म्हणून मी जेल निवडलं. स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र जेल म्हणजे सूट नव्हे.

जेल लावायची रीत: अंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरायचं. चोळत बसायचं नाही. छातीवर कधीच लावायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, आणि नातवंडाला उचलताना ती जागा कपड्याने झाकलेली हवी. लहान मुलांच्या अंगाला लागलं तर त्यांच्यावर परिणाम होतो.

त्रास फक्त खालचाच असेल, म्हणजे कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, वरचेवर इन्फेक्शन, तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. त्याची मात्रा इतकी कमी असते की ते रक्तात नावापुरतंच जातं, आणि पिशवी असली तरी सहसा बरोबर प्रोजेस्टेरॉन लागत नाही. बायका याबद्दल सगळ्यांत कमी बोलतात. वर्षातून चार वेळा अँटिबायोटिक नेणारी, दर वेळी "पुन्हा तेच" म्हणणारी पन्नाशीची बाई आली की मी हल्ली स्वतःहून विचारते. दहा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून क्रीम सोडू नका, दोन-तीन महिने लागतात. स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल तर हे क्रीमसुद्धा कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच.

हॉर्मोन नकोच असतील किंवा चालत नसतील, तर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं वाफांवर बऱ्यापैकी चालतात. पॅरॉक्सेटिनही चालतं, पण टॅमॉक्सिफेन हे स्तनांच्या कर्करोगावरचं औषध घेणाऱ्यांनी ते टाळावं, कारण ते टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करतं. शतावरीबद्दल रोज विचारणा होते. वाफांसाठी तिचा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. दुधातून घेतली तर दूध तरी पोटात जातं!

डॉक्टरांकडे जाताना

वही, ऑपरेशनची कागदं, चालू गोळ्यांची पाकिटं, घरातल्या आजारांची यादी बरोबर न्या. सुरू करण्याआधी बीपी, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, पॅप स्मीअर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) बहुधा सांगतात, गरजेप्रमाणे पिशवीची सोनोग्राफी. तिथे हे चार प्रश्न वहीतून वाचून विचारा: माझ्यासाठी गोळी की जेल, आणि का? प्रोजेस्टेरॉन रोज की महिन्यातले १२-१४ दिवस? पुन्हा कधी दाखवू? काय झालं तर लगेच फोन करू?

"या वयात होतंच, सहन करा" एवढं ऐकून बाहेर आलात तर दुसरा डॉक्टर बघा. मलाही पहिल्या ठिकाणी हेच ऐकायला मिळालं होतं. आणि काहीही न विचारता दोन मिनिटांत हॉर्मोन लिहिले गेले, तरी दुसरा डॉक्टर बघा.

सुरू केल्यावर

वाफा दोन-चार आठवड्यांत उतरायला लागतात. छाती भरल्यासारखी वाटणं, पोट फुगणं, मध्येच डाग जाणं हे पहिले तीन-चार महिने चालतं. सहा महिन्यांनंतरही डाग जात असतील किंवा एकदम जास्त गेलं, तर दाखवा. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं: यातलं काही झालं तर फोनही नाही, सरळ इस्पितळ.

तीन महिन्यांनी एक भेट, मग वर्षाला एक. त्या भेटीत "अजून गरज आहे का" हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारायचा.

दोन गैरसमज इथेच काढते. हे गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी वेगळी, तिची मात्रा मोठी, आणि तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पंचेचाळिशीनंतर, त्यातून बीपी किंवा शिरांचा त्रास असताना, ती नणंदेच्या पाकिटातून उचलून घेऊ नका. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, मग दर श्रावणात दोन-तीन जणी माझ्यावर रुसतात.

बंद करताना

ठरावीक मुदत नाही. बऱ्याच जणी तीन ते पाच वर्षांनी बंद करून बघतात. एकदम थांबवा किंवा मात्रा हळूहळू कमी करा, शेवटी फरक फारसा पडत नाही. हळूहळू केलं तर वाफा परत येण्याचा पहिला धक्का थोडा सौम्य लागतो, एवढंच. परत आल्या आणि सोसवेनात, तर पुन्हा सुरू करण्यात कमीपणा नाही.

माझी तीन वर्षं येत्या मार्चला पूर्ण होतात. डॉक्टर म्हणाल्या, बंद करून बघू. मी म्हटलं, मार्चमध्ये नको. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये घाम माझा की उन्हाचा, हे मला काय कळणार? दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे, आणि नवी वही आणून ठेवली आहे.